घंगाळातली घसरगुंडी

अंघोळीचं पाणी तांब्याच्या घंगाळात विसणत असत, त्या काळची गोष्ट. एका कोठीत कुरतडी नावाची उंदरीण आपल्या दोन पिल्लांसह राहायची. ठिपकी आणि गोंड्या दिवसभर काटक्यांच्या घसरगुंड्या रचायची आणि त्यांवरून चिंचोके सोडायची. घसरगुंडी जरा कलली की कुरतडी धावायची. "असं नव्हे रे, असं!" म्हणत स्वतःच नीट करून द्यायची.

एका दुपारी पिल्लांनी रिकाम्या घंगाळाच्या काठावरच घसरगुंडी रचली आणि काटक्या-चिंचोक्यांसकट दोघंही आत पडली. वर फळीवर बसलेली कुरतडी ओरडणार, तोच तिला शेजारच्या पोत्यावर झोपलेलं मांजर दिसलं. पडण्याच्या आवाजानं ते चुळबुळलं होतं; आता उंदराचं नुसतं चूं ऐकलं असतं, तरी ते जागं झालं असतं. तिनं श्वास रोखला.

पिल्लांना मांजर दिसत नव्हतं. गोंड्यानं एक लांब काटकी काठाला टेकवली. ती फार उभी होती. चढताच तो घसरला. मांजराचा कान हलला. 'अरे, खालचं टोक मागे घे!' कुरतडीच्या अगदी ओठांवर आलं. तिनं ते गिळलं.

ठिपकीनंच टोक मागे ओढलं, पण काटकी सरकून पडली. मांजरानं एक डोळा किलकिला केला. डोळा पुन्हा मिटला.

मग ठिपकीनं काटकीच्या टोकाशी चिंचोके रचून ते अडवलं. काटकी हलेना. दोघंही तिच्यावरून चढून बाहेर आली. कुरतडीला हे कधीच सुचलं नव्हतं.

तिघं बिळात पोचल्यावरही कुरतडी मागे वळून मांजराची चाहूल घेत होती. गोंड्या तिच्या पाठीवर चढून म्हणाला, "आई, आज तू मध्ये बोलली नाहीस ना, म्हणून जमलं!"