विरजेची हाक

त्या राज्यात एकही रस्ता नव्हता. नदी नव्हती, झाड नव्हतं, आणि शस्त्र बाळगणाऱ्याला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. सगळा मुलूख पाण्यासारखा नितळ होता. बाहेरून आलेला उजेड कुठेही न अडखळता त्यातून आरपार जाई. त्याची वाट मोकळी ठेवायची, एवढा एकच कायदा तिथे होता.

जमीन म्हणजे विणकरांनी सारख्या अंतरावर ताणलेले धागेच होते. तानोबा हा त्या विणकरांतला सर्वांत जुना. आणि कडेला बसे विरजा, राज्याची राखणदारीण. तिला पुष्कळ लांब हात होते. ते धाग्यांमधून पसरून ती परकं कुणी आलंय का ते चाचपत राही. लढणं तिचं काम नव्हतं. शत्रू ओळखायचा आणि हाक मारायची, मग सीमेपलीकडच्या तांबड्या प्रवाहांतून सरदार धगोजीची फौज येणार, असा करार होता. विरजेने आजवर हाक मारली नव्हती. याचा तिला अभिमान होता.

एका सकाळी आभाळातून होडीएवढं पिवळं, टोकदार तूस येऊन आदळलं. जमिनीचा वरचा पदर टरकन फाटला. खारं पाणी धावून आलं, तूस वाहून गेलं. पण फाटलेल्या जागी हिरवट अंगाचे काही परके राहून गेले. त्यांना गोडसर वास येत होता.

विरजेने त्यांना चाचपलं आणि ती शहारली.

"तानोबा, हे धागे खातायत."

"किती जण आहेत?"

"वीसेक असतील."

"मग थांब, पोरी. फाटलेलं सांधेल दोन दिवसांत. धगोजी एकदा आत आला की तो काय करील, ते मी ऐकून आहे."

विरजा थांबली. दुपारी विसांचे चारशे झाले. संध्याकाळी अंदाजही करता येईना. त्यांनी चिकट राहुट्या ठोकल्या होत्या, आणि त्यांच्या आसपासची जमीन विरघळून चालली होती. तानोबाच्या धाकट्या भावाची पट्टी गेली, भावासकट.

"मार हाक," तानोबा म्हणाला. "आता मला विचारू नकोस."

विरजेने हाक मारली.

रस्ते नव्हते, म्हणून फौज धागे कापत आली. सगळे शिपाई तरणे होते, कारण त्यांच्यातलं कुणी दोन दिवसांवर जगतच नसे. त्यांच्या पोटात आग होती आणि ती ते समोर येईल त्यावर ओतत. हिरवे शेकड्यांनी मेले. राहुट्या जळाल्या. विणकरांच्या पट्ट्याही जळाल्या.

विरजेने धगोजीचा हात धरला. "सरदार, पुरे करा! हिरवे संपले. आता जळतायत ते आमचे आहेत."

"बाई, या धुरात मला रंग कळत नाही," धगोजी म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता, त्यात राग नव्हता. "आणि मी उद्या असणार नाही. तुमच्या उद्याचं मला काय विचारता?"

"मग परत फिरायचा हुकूम तरी द्या."

"तो हुकूम आम्हाला कुणी शिकवलाच नाही."

एवढं बोलून तो उभ्या उभ्याच मेला. त्याच्या जागी दुसरा सरदार आला. त्याचंही नाव धगोजीच होतं.

विरजा सीमेकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडली, थांबा म्हणून. पण तिच्या गळ्यात एकच हाक होती. ती ऐकून पलीकडून आणखी फौज निघाली.

चौथ्या दिवशी जाळायला काही उरलं नाही. मेलेल्या शिपायांचा दाट पांढुरका थर तळाशी साचला होता. मुलखाच्या मधोमध खड्डा पडला होता, आणि त्याचा तळ इतका पातळ झाला होता की तो थरथरत होता.

"हे फुटलं तर सगळंच बाहेर वाहून जाईल," तानोबाने उरलेल्या विणकरांना गोळा केलं. त्याचे हात कोपरापर्यंत जळले होते. "अंतर बघू नका, सरळ-वाकडं बघू नका. विणा!"

त्यांनी विणलं. धाग्यावर धागा, आडवा-तिडवा, हाताला येईल तसा. त्यांना अन्न पुरवायला सीमेवरून लाल रस्ते आत आले. त्याला कुणीच हरकत घेतली नाही. खड्डा भरला. तानोबाने त्यावर हात फिरवला.

"घट्ट झालंय," तो म्हणाला. "पहिल्यापेक्षाही घट्ट."

विरजेने आपले उरलेसुरले हात त्या नव्या जमिनीत घालायचा प्रयत्न केला. जमीन दुधासारखी पांढरी होती आणि हात आत जात नव्हते.

तेवढ्यात आभाळाची झापड कुणीतरी बोटांनी अलगद वर उचलली. पलीकडे एक भलामोठा दिवा लखलखत होता. त्याचा झोत थेट मुलखावर पडला.

"मावशी, इकडे बघा," बाहेरून आवाज आला. "किती बोटं दिसतायत?"

मग खूप खोलवरून एक बाईमाणूस म्हणालं, "आधी दिवा तरी लावा, डॉक्टर."