कोतवालाचे घरटे

मुलांनो, जंगल संपून गावाची शेते जिथे सुरू होतात, तिथल्या एका घराच्या गच्चीवर ढाबळ होती. ढाबळ म्हणजे कबुतरांसाठी बांधलेले लाकडी खणांचे घर. ही कबुतरे साधीसुधी नव्हती. धनी त्यांना करंड्यांत घालून परमुलखात नेऊन सोडी. तरी ती रान, नदी, डोंगर ओलांडून बिनचूक घरी परतत. त्यांत एक कबुतरी सर्वांत जाणती होती. तिचा शब्द ढाबळीत कोणी मोडत नसे.

समोरच्या बाभळीवर एक कोतवाल पक्षी राहत असे. अंगाने काळा कुळकुळीत, शेपटी दुभंगलेली, आणि आकाराने कबुतराच्या निम्मासुद्धा नाही. पण आभाळात ससाणा दिसला, की हा बाणासारखा सुटे, त्याच्या पाठीवर चोची मारी आणि त्याला थेट टेकडीपलीकडे पिटाळून येई. कबुतरांना त्यात काही नवल वाटत नसे. त्यांना खुपे ते निराळेच. उजाडायच्या आधीपासून त्याचे कर्कश ओरडणे सुरू होई, आणि बाभळीजवळून कोणी गेले तर तो त्याच्याही अंगावर धावून जाई. एकदा त्याने कबुतरीच्याच डोक्यात चोच मारली, तेव्हा तिने मनाशी ठरवले, की या भांडखोराला इथून घालवायचेच.

कोतवालाने नुकतेच नवे घरटे बांधायला घेतले होते. कबुतरीने आपला बेत सांगितला, तेव्हा तिचा जोडीदार तेवढा म्हणाला, "असू दे त्याला. ओरडतो खरा, पण आपले काही नेत तर नाही." कबुतरीने ते मनावर घेतले नाही. एके दुपारी ससाणा आला आणि कोतवाल त्याच्यामागे गेला. ती संधी साधून कबुतरी आणखी दोघींना घेऊन बाभळीवर उतरली. तिघींनी मिळून घरटे उसकटले आणि त्यातल्या काड्या आपल्या खणांत आणून टाकल्या. कोतवाल धापा टाकत परतला. रिकाम्या बेचक्यापाशी तो बराच वेळ बसून राहिला आणि संध्याकाळी जंगलाकडे निघून गेला. ढाबळीतल्या सगळ्यांनी कबुतरीचे कौतुक केले. आपण सर्वांच्या भल्याचेच केले, असे तिलाही वाटले.

पुढे काही दिवसांनी धन्याने कबुतरांना लांबच्या गावी नेऊन सोडले. परतताना वारा तोंडावर होता. घराची गच्ची दिसू लागली, तेव्हा सगळ्यांचे पंख भरून आले होते. तेवढ्यात कबुतरीला टेकडीवरून उठणारा ससाणा दिसला. नकळत तिची नजर बाभळीकडे वळली. तिथून कोणीच उडाले नाही. थवा फुटला. ज्याला जिकडे वाट दिसली तिकडे तो पळाला. कबुतरीच्या वरच्या बाजूला धप्पकन आवाज झाला आणि करडी पिसे वाऱ्याबरोबर तिच्या अंगावरून मागे निघून गेली. ती ढाबळीत शिरली. एकेक करून बाकीची आली. तिचा जोडीदार आला नाही. घर एवढे जवळ असताना तो गेला होता.

दुसऱ्या दिवशी ती कोतवालाला शोधत जंगलात गेली. तो एका पळसावर भेटला. त्याची मादी अंड्यांवर बसली होती, आणि त्याच झाडाच्या खालच्या फांद्यांवर होले आणि बुलबुल निर्धास्तपणे घरटी बांधत होते. कबुतरीने घडले ते सांगितले आणि म्हणाली, "कोतवालदादा, परत चला. ओरडण्याबद्दल तुम्हाला कोणी चकार शब्द बोलणार नाही."

कोतवालाने एकवार आपल्या घरट्याकडे पाहिले. मग तो म्हणाला, "ताई, ऐकून फार वाईट वाटले. पण खरे सांगू? मी तुमच्यासाठी कधी उडालोच नाही. मी माझ्या घरट्यासाठी उडत होतो. तुमची ढाबळ त्याच्या आडोशाला होती, एवढेच. तिथले घरटे वाऱ्याने मोडले, म्हणून मी इथे आलो. आता ही अंडी टाकून कसा येऊ?"

ते घरटे वाऱ्याने मोडले नव्हते, हे सांगायला कबुतरीने चोच उघडली, पण तिच्याने बोलवेना. "सांभाळून राहा," एवढेच ती म्हणाली आणि परत फिरली. उघड्या शेतांवरून जाताना ती कुंपणांच्या कडेकडेने, जमिनीलगत उडत होती, आणि पुनःपुन्हा मान वळवून वर पाहत होती.

तात्पर्य : ज्याच्या आडोशाने आपण सुखरूप असतो, त्याचा जाच तो असताना जाणवतो आणि त्याचा आधार तो गेल्यावर कळतो, पण मोडलेला आडोसा नुसत्या पश्चात्तापाने पुन्हा उभा राहत नाही.