बटणं मोजणारे साहेब

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचे संचालक राजाध्यक्ष यांना आपली माणसं कामचुकार आहेत असा दाट संशय होता. त्यांनी प्रत्येकाच्या कीबोर्डवर किती बटणं दाबली जातात, हे मोजणारा प्रोग्रॅम बसवला. शुक्रवारच्या बैठकीत त्यांनी सगळ्यात मागे राहिलेल्या तुंगारेंना झापलं आणि वैजयंती तांबटला पहिला नंबर दिला.

"आठवडाभर एवढं काय लिहिलंत, ते यांनाही सांगा," ते म्हणाले.

"नोकरीचे अर्ज, सर. बावीस कंपन्यांना," वैजयंती शांतपणे म्हणाली. "हॉस्पिटलचं बंद पडलेलं सॉफ्टवेअर तुंगारेंनी चालू केलं. दोन दिवस विचार करून त्यांनी एकच ओळ बदलली."

साहेबांनी तो प्रोग्रॅम तिथल्या तिथे काढायला लावला. मग आवाज खाली आणून त्यांनी वैजयंतीला विचारलं, "उत्तरं कुणाकुणाची आली?"