हरणीच्या चिकाच्या चार वाट्या

एका राज्यात एका बाईला झोप येत नव्हती. राज्य मोठं होतं. त्यात एकवीस जादूगार होते, शापित खजिन्याच्या तीन विहिरी होत्या आणि माणसासारखे बोलणारे पक्षी होते. बाईला काळजी यांपैकी कशाचीच नव्हती. तिची गाय हरणी पहिलारू होती, दिवस भरले होते, आणि पहिलारू गाय कधी कधी वासराला जवळ करत नाही, असं तिनं पोथीत वाचलं होतं.

बाईचं नाव वेणू. बापानं तिला मठात धाडून लिहायला-वाचायला शिकवलं होतं. शिकलेल्या माणसाचं एक असतं, काय काय बिघडू शकतं ते त्याला आधीच ठाऊक असतं. मात्र बिघडल्यावर काय करायचं, ते पान नेमकं वाळवीनं खाल्लेलं असतं. नवरा मल्हारी राजाचे घोडे घेऊन मिठाच्या बाजाराला गेला होता. घरी वेणू, पाच वर्षांची ठकी, हरणी आणि नऊ कोंबड्या.

चैत्रातल्या एका सकाळी, आंबा मोहरून कैऱ्या धरू लागलेला असताना, हरणी व्याली. तांबूस गोऱ्हा झाला. कपाळावर चांदणी.

त्या राज्यात रीत अशी होती, की पहिलारू व्याली म्हणजे तिच्या चिकाचा खरवस करायचा आणि वाटायचा. पहिली वाटी राजाला. मग शेजारपाजार. वेणूनं धार काढली. घट्ट, पिवळा चीक, पण बेताचा. ‘पहिला चीक वासराचा’ हे पोथीतलं वाक्य तिला पाठ होतं. पण शेजारच्या तुळसाक्काची जीभही तिला पाठ होती. अर्धी वाटी पाठवली तर तुळसाक्का वर्षभर पाठ सोडणार नाही. वेणूनं सड कोरडे होईतो चीक काढला. ‘वासरू काय, दुपारी पिईल की,’ ती स्वतःशी म्हणाली.

खरवस केला, काशाच्या चार वाट्या भरल्या. एक राजाला गेली, एक तुळसाक्काला, एक कुंभाराच्या भागाईला. चौथी मायलेकींनी खाल्ली.

दुपारी वासरू लटपटत आईपाशी गेलं. हरणीनं त्याला हुंगलं, आणि लाथ मारली.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यातून बातमी आली. राजा चंडकेतूनं सकाळी आपल्या सात वर्षांच्या राजपुत्राकडे पाहिलं आणि विचारलं, “हा मुलगा कुणाचा?” राणीनं पाहिलं आणि तीही म्हणाली, “कुणाचा बरं?” राजपुत्र पायरीवर जाऊन बसला. दवंडी पिटली गेली. एकवीसच्या एकवीस जादूगार आले, मोरपिसं झाडून परत गेले.

तिसऱ्या दिवशी तुळसाक्काच्या अंगणात शेळी स्वतःच्या करडांना ढुशा देऊ लागली. खुडूक कोंबडी अंड्यांवरून उठली ती बसेचना. वेणू धावत गेली, तर तुळसाक्का उंबऱ्यात उभी, समोर तिची तीन वर्षांची बकुळी.

“वेणू, हे कुणाचं पोर गं? सकाळपासून माझ्या पदराला लोंबकळतंय. नाक तरी पुसायचं होतं ह्याच्या आईनं!”

“अक्का, ही बकुळी. तुमची.”

“माझी? मला पोर झालं असतं तर मला कळलं नसतं?”

वेणूनं बकुळीला आपल्या घरी आणलं.

चौथ्या दिवशी भागाईकडे गाढवीनं शिंगराला चावा घेतला, आणि भागाईनं पाळण्यात वाकून पाहिलं नि ती दचकून म्हणाली, “अगं बाई! माझ्या पाळण्यात कुणी ठेवलं हे?” तेही तान्हं वेणूकडे आलं.

तान्ह्याला खांद्यावर टाकून वेणू अंगणात उभी राहिली. राजा, तुळसाक्का, भागाई. हा क्रम तिच्या ओळखीचा होता. ह्याच क्रमानं तिनं वाट्या धाडल्या होत्या. चौथी वाटी कुणी खाल्ली, ते तिला कुणी सांगायला नको होतं. उद्या सूर्य उगवला, की ती ठकीकडे बघेल आणि विचारेल...

“विचारशील,” आंब्यावरून आवाज आला. “‘कुणाची तू?’ असंच विचारशील.”

फांदीवर ठिपक्याठिपक्यांची एक कोकिळा बसली होती.

“तू बोलतेस?”

“बोलते. दचकून झालं असेल तर ऐक. विसरण्यातलं मला कळतं. मी पिढ्यान्‌पिढ्या अंडी कावळ्याच्या घरात ठेवत आले, मला त्यासाठी शाप लागत नाही. तुला लागला, कारण तू वासराच्या तोंडचं काढून लोकांची तोंडं भरलीस.”

“लोक नावं ठेवतील म्हणून...”

“ठेवतात. पुढे ऐक. चीक म्हणजे ओळख होण्याआधी दिलेलं दूध. तेच परत फेडायचं. तीन घरांतून तीन वाट्या परत आण. ज्याला विसर पडलाय, त्यानं ते पोर परकं समजूनच, स्वतःच्या पानातलं त्याच्यासाठी वाटीत घालायला हवं. मागायचं नाही. सुचवायचं नाही. चौथी वाटी तुझी. चारी भरल्या, की वासरापुढे ठेव.”

“आणि चौथी मी उद्या भरली नाही तर?”

“तर ठकी कावळ्याकडे वाढेल,” कोकिळा म्हणाली आणि उडून गेली.

वेणूनं तान्हं कडेवर घेतलं, बकुळीचा हात ठकीच्या हाती दिला आणि निघाली.

तुळसाक्का न्याहारीला बसली होती.

“अक्का, वाटी न्यायला आले.”

“आली! खरवस देऊन चार दिवस झाले नाहीत तर वाटी मागायला दारात! कुठे पळून चालली होती का तुझी वाटी?” तुळसाक्कानं फडताळातून वाटी काढली, पुसली, आणि थबकली. रिकामी वाटी परत देणं त्या गावात कुणाच्या सात पिढ्यांत घडलं नव्हतं. ती घरात साखर शोधू लागली. साखर पडली, तर वाटी वाया.

तेवढ्यात तुळसाक्काचं लक्ष बकुळीकडे गेलं. बकुळी भाकरीकडे बघत होती. काही मागत नव्हती, नुसती बघत होती.

“काय गं ए, तुला तुझी आई जेवू घालत नाही का?” तुळसाक्का खेकसली. “कसल्या बाया असतात! वेणू, थांब जरा.” आणि तिनं आपल्या पानातली अर्धी भाकरी वाटीत कुस्करली, वर वांग्याचा रस्सा ओतला. “हे त्या पोरीला घाल. आणि तिची आई भेटली तर माझ्याकडे पाठव. चांगली झाडते तिला.”

“पाठवते,” वेणू म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

राजवाडा कोसभर. दुपारच्या पंगतीच्या वेळी चौघं पोचली. राजपुत्र अजून पायरीवरच होता. वेणूनं त्याला हाताला धरून आत नेलं. दाराशी भालदार होता, पण कडेवर तान्हं आणि मागे तीन पोरं अशा बाईला अडवायचं धाडस त्याला झालं नाही.

राजा चंदनी पाटावर दूधभात जेवत होता.

“काय हवं?”

“महाराज, माझी वाटी.”

“राजवाड्यात आलेली वाटी परत जात नाही.”

“तर मग, महाराज,” वेणूच्या तोंडून निघून गेलं, “थोड्या दिवसांनी प्रजा ओंजळीनं जेवेल.”

दरबार थिजला. वेणू सर्वांहून जास्त थिजली. हे आपणच बोललो, यावर तिचा विश्वास बसेना. प्रधानानं तलवारीकडे पाहिलं. राजानं मात्र खूण केली, आणि मुदपाकखान्यातून काशाची वाटी आली.

राजानं ती उलटसुलट केली. त्याची नजर राजपुत्रावर गेली. राजपुत्र डाव्या हातानं माशी हाकलत होता. राजाही डाव्या हातानंच माशी हाकलत होता.

“विचित्र आहे,” राजा म्हणाला. “मुला, जेवलास?”

“परवापासून नाही, महाराज.”

“माझ्या राज्यात? माझ्या पायरीवर?” राजाचा घास हातातच राहिला. त्यानं आजवर कुणाला हातानं वाढलं नव्हतं. तो दूधभात वाटीत घालू लागला तर अर्धा मांडीवर सांडला, थोडा प्रधानाच्या जोड्यावर. पण वाटी भरली. पानात उरलेलं राजपुत्रानं खाल्लं आणि तो पुन्हा पायरीवर जाऊन बसला.

परतताना उन्हं कलली. भागाई चाकावर घट फिरवत होती. वेणूनं वाटीचं नाव काढायच्या आत कडेवरचं तान्हं भुकेनं टाहो फोडून रडू लागलं. भागाईचे हात थांबले. घट चाकावरच कलंडला. तिनं खाली पाहिलं. चोळी ओली झाली होती.

“हे काय झालं मला?” भागाई घाबरून म्हणाली. “वेणूबाई, परक्याच्या पोराच्या रडण्यानं पान्हा फुटतो का हो?”

वेणूला सांगायची मनाई होती. तिनं तान्ह्याला दुसऱ्या कडेवर घेतलं.

“फुटला तर फुटला,” भागाई म्हणाली, “माती थोडीच खाणार आहे ते!” आणि तिनं चिखलाचे हात धुतले, तान्ह्याला घेतलं, पाजलं. तान्हं निजल्यावर तिनं उरलेल्या धारा वाटीत काढल्या. “मघाशी रडलं तसं पुन्हा रडलं, तर कापसाच्या बोळ्यानं पाजा.”

तीन वाट्या झाल्या.

घरी येऊन वेणूनं ठकीला सगळं समजावलं. वाट्या कुठे ठेवायच्या, कशा ठेवायच्या. “आणि उद्या माझ्याकडे काही मागायचं नाही हं. कितीही भूक लागली तरी.” मग तिनं कोळसा घेऊन चुलीवरच्या भिंतीवर ठसठशीत लिहिलं : ‘ही ठकी आहे. ही तुझी मुलगी आहे.’ आणि मुलीचा हात धरून बसून राहिली.

सूर्य उगवला. बकुळी नि तान्हं अजून निजलेली होती. वेणू चूल पेटवायला गेली. भिंतीवरचं अक्षर तिनं वाचलं. मागे वळून पाहिलं. दारात सुटलेल्या वेणीची एक मुलगी उभी होती.

लिहिलेलं सगळं वेणूनं जन्मभर खरं मानलं होतं. आज प्रथमच मानलं नाही. ‘कुणीतरी चेष्टा केली,’ ती म्हणाली. ‘मला मुलगी असती तर तिची वेणी अशी सुटलेली असती का?’

“काय गं, कुणाची तू?”

मुलगी वळली. ती गोठ्यात गेली. वासरू आता उठतही नव्हतं. मुलगी त्याच्याजवळ बसली आणि आपलं बोट तिनं त्याच्या तोंडात दिलं. वासरानं दोनदा चोखलं आणि सोडून दिलं.

वेणू भाकऱ्या थापत राहिली. एक झाली, दोन झाल्या. ऊन अंगणात उतरलं. आंब्यावर कोकिळा येऊन बसली. वेणूनं स्वतःच्या पानात भाकरी घेतली, घास मोडला, आणि तिची नजर गोठ्याकडे गेली. मुलगी तिकडेच बसली होती, पाठ करून. मागत नव्हती. तिची पाठ फार लहान होती.

“आता कुणाची का असेना,” वेणू स्वतःवरच वैतागत उठली, “माझ्या गोठ्यात पोर उपाशी बसलंय आणि मी जेवते!” पानातली भाकरी तिनं वाटीत घेतली. पोर परकं, म्हणजे पाहुणं. पाहुण्याला कोरडी भाकरी कशी द्यायची? तिनं शिंकाळ्यावरून पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला गुळाचा खडा काढला, फोडायचं मनातही आणलं नाही, अख्खा वाटीत ठेवला. “घे बाळ. पोटभर खा.”

मुलीनं गुळाचा एक मोठा चावा घेतला. मग वाटी उचलली आणि इतर तीन वाट्यांशेजारी वासरापुढे ठेवली.

चारी वाट्यांत चीक झाला. घट्ट, पिवळा. वासरानं पहिली वाटी चाटली, दुसरी प्यायलं, तिसरीला उठून उभं राहिलं, चौथीत त्यानं नाक बुडवलं. हरणीनं मान वळवली, हंबरली आणि त्याला कपाळावरच्या चांदणीपासून शेपटीपर्यंत चाटून काढलं.

त्याच क्षणी राजा चंडकेतू अनवाणी पायरीकडे धावला. तुळसाक्का “माझी बकुळी कुठाय?” असं ओरडत भिंतीवरून उडी मारून आली आणि बकुळीच्या आईला झाडायचं साफ राहून गेलं. भागाई वाटेतच रडत होती. शेळी करडांकडे गेली, गाढवी शिंगराकडे, कोंबडी अंड्यांवर. राज्य होतं तसं झालं, आणि त्या दिवसापासून तिथं पहिला चीक वासरालाच मिळू लागला.

विसरताना वेणूला काही कळलं नव्हतं. आठवलं तेव्हा मात्र ती कोसळली. गोठ्याच्या मातीत गुडघ्यांवर बसून तिनं ठकीला घट्ट धरलं.

“ठके, मी तुला ओळखलं नाही गं! मी तुला विचारलं, कुणाची तू! सोन्या, तुला किती भीती वाटली असेल!”

ठकीनं तोंडातला गूळ एका गालातून दुसऱ्या गालात नेला. मग म्हणाली, “एरवी मला चिमूटभरच देतेस. उद्या परत विसर.”