तेलिणीच्या तीन फिर्यादी

खूप जुनी गोष्ट आहे, आपल्या पणजोबांच्याही पणजोबांनी ऐकलेली. डोंगरापलीकडे एक राज्य होतं. तिथे चाळीस तेलघाणे होते आणि त्यातला एक होता एका विधवा तेलिणीचा. एक बैल आणि एक लाकडी घाणा, एवढ्यावर तिचं घर चाले.

त्याच राज्यात एक बडा तेली होता. त्याने गाडीवानांना गाठलं. "वर्षभर गाड्या भरून माल देतो. माझ्याकडून निम्मं भाडं घ्या, बाकीच्यांकडून दुप्पट." गाडीवानांना वर्षभराची भाकरी दिसली. ते कबूल झाले.

मग काय, इतरांचं तेल बाजारात पोहोचेपर्यंतच महाग होऊ लागलं. एकेक घाणा बड्या तेल्याच्या घशात गेला.

तेलीण उरलेल्या सगळ्या तेल्यांना घेऊन दरबारात गेली आणि सगळ्यांना एकच भाडं असावं, अशी फिर्याद केली. राजा मनाचा वाईट नव्हता, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि त्याला त्याचंच भूषण. तो म्हणाला, "हा तेली आणि गाडीवानांमधला मामला. राजानं त्यात पडू नये."

पुढच्या वर्षी पाचच जण उरले. राजा म्हणाला, "अजून पाच घाणे चालू आहेत की. मग तक्रार कसली?"

तिसऱ्या वर्षी तेलीण एकटीच गेली. राजा हळहळला. "बाई, एकटीसाठी कायदा कसा करू?"

तिने घरी येऊन बैल विकला. बैल गेला तेव्हा ती उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडली.

आता बड्या तेल्याने भाव चौपट केला. घरोघरची फोडणी बंद झाली. लोक राजवाड्यापुढे जमले, तेव्हा कुठे राजाने तेल्याला बोलावलं. तेल्याने अगदी नम्रपणे हात जोडले. "महाराज, भाव उतरवायचा हुकूम काढलात तर उद्यापासून घाणे बंद ठेवीन."

राजाने हुकमाचा विचार सोडला. त्याने तेलिणीला बोलावणं धाडलं. "बाई, बैल देतो, जागा देतो. घाणा सुरू कर."

"बैल द्याल, महाराज," तेलीण शांतपणे म्हणाली. "पण घाणा मी गेल्या थंडीत सरपणाला फोडला. घाणे घडवणारे सुतारही पोटासाठी परमुलखात गेले. मी पहिल्यांदा आले, तेव्हा तुमचा एक शब्द पुरला असता."

राजाने मान खाली घातली. त्या दिवसापासून राजवाड्यातही तेल्याच्याच भावाने तेल येऊ लागलं, आणि दरबारात फिर्याद घेऊन कुणी येईनासं झालं.

तात्पर्य: राखणदार वेळेवर उठला नाही, तर उठल्यावर राखायला काही उरत नाही.