उंबरपाड्याचा भोंगा

“मग उंबरपाड्याचा कधी वाजला?” आप्पांनी विचारलं.

“वाजला ना. नोंद आहे.” ऋजुताने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. “अकराही गावांचे वाजले.”

“वाजला का, ते नाही विचारलं मी.”



मे महिन्याची दुपार. नदीचं पात्र कोरडं पडलेलं, आणि काठावरच्या मठाच्या ओसरीत फरशी तेवढी गार. भिकन आप्पांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजचे प्रोग्रॅम लिहिले होते. मग एक दिवस खुर्ची मागे सारून ते जे उठले, ते या मठात येऊन राहिले. सकाळी अंगण झाडायचं, दुपारी जो येईल त्याचा कोड वाचायचा. येणारे त्यांना गुरू म्हणत. ते येणाऱ्याला चहा करायला लावत.

ऋजुता देवरे चार वर्षं सातासमुद्रापार शिकली होती. तिथली नोकरी तिने दारातूनच परत पाठवली. विचारलं तर मान ताठ करून सांगायची, “नदी माझी, पूर माझा, मग प्रोग्रॅम दुसऱ्याचा कशाला?” आणि खरंच, वर्षभर राबून तिने तो लिहिला. बंधाऱ्यापाशी पाणी चढलं की खालच्या अकरा गावांत एकाच वेळी भोंगे वाजणार. आजवर हे काम ढोल करत आले होते. पावसाळाभर गावोगावी एक माणूस पाळीने ढोलापाशी बसायचा.

आज चार वाजता अकरा गावांची माणसं बंधाऱ्यावरच्या शेडमध्ये जमणार होती. ऋजुता ‘तयार आहे’ म्हणून सही करणार होती. सही झाली की ढोलाच्या पाळ्या बंद.

आप्पांचा आशीर्वाद घ्यावा, म्हणून ती आली होती. आणि आप्पा उंबरपाडं धरून बसले होते.

“रंगीत तालमीत वाजला तो,” ती म्हणाली, “पण... उशिरा. म्हणजे असं उंबरपाड्याच्या गुंताबाई म्हणतात.”

“किती उशिरा?”

“बाकीच्या गावांचे थांबले, तेव्हा यांचा सुरू झाला म्हणे. दहा मिनिटांनी.”

“दहा मिनिटांत पाणी कुठं येतं?”

“...त्यांच्या उंबऱ्यापर्यंत.”

“मग तू त्यांना काय सांगितलंस?”

ऋजुताने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “म्हटलं, आजी, तुमचं घड्याळ मागे असेल.”

आप्पा हसले नाहीत. “चहा ठेव,” म्हणाले.

चहा होईपर्यंत ते कोड वाचत राहिले. तिने पेला पुढे केला, तेव्हा मान वर न करता म्हणाले, “बोल. कसं चालतं?”

हे मात्र तिला विचारावंच लागत नसे. “अकरा गावं, अकरा थ्रेड. एका घरातले अकरा कामकरीच म्हणा ना, सगळे एकाच वेळी कामाला लागतात. प्रत्येक जण आपल्या गावासाठी एक पाइप, म्हणजे निरोपाची नळी, उघडतो, भोंग्याचा वेगळा प्रोग्रॅम जन्माला घालतो, पाइपातून त्याला हुकूम देतो आणि पाइपाचं आपल्याकडचं टोक बंद करतो. टोक बंद झालं, म्हणजे हुकूम पुरा आला. मगच भोंगा वाजतो. अर्ध्या हुकमावर माझा भोंगा वाजत नाही, आप्पा!”

“छान. लेकरू जन्मतं, तेव्हा काय घेऊन येतं?”

“आईच्या हातात जे जे उघडं असेल, ते सगळं. प्रत्येक फाइल, प्रत्येक पाइप.”

“दुसऱ्या गावाचाही?”

“तो नको, म्हणून तर खूण करते ना. खुणेचं जे असेल ते लेकरू कामाला लागताच आपोआप बंद होतं.” तिने छाती पुढे काढली. “एकही पाइप बिनखुणेचा नाही. शोधून दाखवा.”

“खूण कधी करतेस?”

“उघडला की लगेच. पुढच्याच ओळीत.”

“लगेच म्हणजे किती लगेच?”

“सेकंदाचा लाखावा भाग असेल. तेवढ्यात काय होतंय?”

आप्पांनी चहा संपवला. पेला उपडा ठेवला.

“सरक.”

ती सरकली. त्यांनी दोन बोटांनी, टकटक करत, एक ओळ लिहिली. ऋजुताने वाचली आणि तिचं डोकंच फिरलं. पाइप उघडायची ओळ आणि खुणेची ओळ, या दोन्हींच्या मधोमध त्यांनी लिहिलं होतं, उंबरपाड्याची पाळी असेल तर दोन सेकंद झोप.

“आप्पा! चालता प्रोग्रॅम बिघडवलात!”

“कुठं? तू उघडतेस तसाच उघडतेस. खूण करतेस तशीच करतेस. तू म्हणालीस, तेवढ्यात काय होतंय... मी म्हटलं, बघू तरी.”

“पण असं कुणी मुद्दाम...”

“चालव.”

खरे भोंगे न जोडता, लॅपटॉपवरच तिने तो चालवला. पडद्यावर गावांची नावं एकामागून एक हिरवी होत गेली. दहिगव्हाण, कापडखेडे, वाघळूद... दहा नावं.

उंबरपाडे काळंच.

दोन सेकंद गेले. दहा गेले. मिनिट गेलं. प्रोग्रॅमने खूण केली होती, हुकूम दिला होता, टोकही बंद केलं होतं. तरी उंबरपाडे वाट बघत बसलं होतं.

“परत चालव.”

परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. दहा हजारांतून एकदा होणारी गोष्ट आता दर वेळी, ठरल्यासारखी होत होती.

“आता दहिगव्हाणच्या हातात काय काय उघडं आहे, बघ.”

तिने यादी काढली. दहिगव्हाणचा स्वतःचा पाइप होता. त्याच्या खाली आणखी एक. क्रमांक वाचला आणि तिचा हात थांबला.

“हे तर उंबरपाड्याचं टोक आहे.”

“कापडखेड्याकडे?”

“...त्याच्याकडेही.” ती भराभर बघत गेली. “दहाही जणांकडे, आप्पा. उघडून खूण करायच्या आत बाकीच्या दहा थ्रेडनी आपापली लेकरं जन्माला घातली. त्या लेकरांच्या हातात हे टोक बिनखुणेचंच गेलं. मी माझं बंद केलं, पण यांनी धरून ठेवलंय, म्हणून हुकूम पुरा झालाच नाही. ते भोंगे वाजवायचे थांबतील तेव्हाच सुटेल. आणि मग...”

मग उंबरपाड्याचा वाजेल. बाकीच्यांचे थांबल्यावर.

गुंताबाईंचं घड्याळ मागे नव्हतं.

बाहेर पिंपळावर कावळा ओरडत राहिला.

“कुलूप लावते,” ती एकदम म्हणाली. “एकाचं उघडून खूण करून होईपर्यंत दुसऱ्या कुणी लेकरू जन्माला घालायचं नाही. संपलं.”

“तुझ्या थ्रेडना सांगशील. ऐकतील ते. नोंदी ठेवायला कुणाचा कोड वापरतेस?”

“बाहेरची लायब्ररी आहे, दुसऱ्यांनी लिहिलेली.”

“फाइल उघडताना ती तुझ्या कुलपाला विचारते?”

“नाही विचारत,” ऋजुता म्हणाली.

आप्पा पायरीवर ऊन कुठवर आलं ते बघत बसले. त्यांना घाई नव्हती. घाई हिला होती, पण आता ती घड्याळाकडे बघत नव्हती.

“सिस्टिमला घालायची एक हाक आहे,” शेवटी ती हळूच म्हणाली. “उघडतानाच खूण मागता येते. पाइप हातात येतो तोच खुणेसकट येतो. एकाच पावलात.”

“तुला ठाऊक होती?”

“पहिल्या वर्षाला शिकवतात.”

“मग?”

“दोन ओळी वाचायला सोप्या वाटल्या.” तिचे कान लाल झाले. “आणि चाचणीत दहा हजार वेळा चालला होता.”

“हं.”

तिने त्या दोन ओळी खोडल्या. जागी एकच लिहिली. मग कोडभर हिंडून जिथे जिथे काही उघडत होती, तिथे तिथे तेच केलं. वर बघितलं तर आप्पा म्हणाले, “माझी झोपेची ओळ राहू दे बरं. तिथंच, मधे.”

“मधे कुठे?” ती म्हणाली. “आता मधे जागाच नाही.”

“अगदीच नाही? बघ नीट.”

तिने ओळीच्या वर घालून पाहिली, खाली घालून पाहिली. खाली घातली तर उंबरपाडे दोन सेकंद उशिरा वाजायचं, एवढंच. दोन सेकंद, आणि हिरवं. बाकीचे दहा वाजत असतानाच. दहिगव्हाणच्या हातात फक्त दहिगव्हाणचं.

पुन्हा चालवलं. अकरा हिरवे. पुन्हा. अकरा हिरवे.

ऋजुताच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि तिथेच अडकलं. सव्वातीन झाले होते. आता खुशाल सही करता आली असती. कुणाला काही कळलंही नसतं.

“ती लायब्ररी काय काय उघडते, ते अजून मी बघितलेलं नाही,” ती म्हणाली.

“किती दिवस?” आप्पांनी विचारलं.

“आठवडा लागेल. कदाचित जास्तच.”

“मग?”

“सही आज नको. हा पावसाळा ढोल राहू देत. भोंगेही चालतील, ढोलही वाजतील. पुढच्या वर्षी बघू.” तिने लॅपटॉप मिटला. “आणि गुंताबाई येणार आहेत तिथे. अकरा गावांसमोर उभं राहून सांगावं लागेल, आजी, घड्याळ तुमचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं.”

“हं.”

“हसतील, आप्पा. म्हणतील, एवढी शिकून आली, आणि एका म्हातारीने हिचा प्रोग्रॅम पकडला.”

“म्हणतील.”

“म्हणू देत.” तिने मान वर केली. ताठच होती ती, नेहमीसारखी. “माझा प्रोग्रॅम आहे. त्याची चूकही मीच सांगणार.”

तिने पिशवी खांद्याला लावली, आप्पांच्या पायांशी वाकली, आणि ओसरीच्या पायऱ्या उतरून गाडीपाशी गेली. किल्ली लावली.

मागे काठी टेकल्याचा आवाज आला. तिने वळून बघितलं. मोठमोठ्यांनी बोलावलं तरी जे सात वर्षांत या मठाच्या फाटकाबाहेर गेले नव्हते, ते आप्पा ओसरीच्या कडेला येऊन बसले होते, आणि पायाने खाली काहीतरी चाचपडत होते.

“थांब,” ते म्हणाले. “चपला घालू दे.”