आयकनी तलावाची हाक

गोंदियाकडच्या झाडीपट्टीत आयकनी नावाचा एक जुना तलाव आहे. तीन बाजूंनी मोहाचे आणि सागाचे जंगल, पूर्वेला बांधाची लांब पाळ, पाळीखाली ढिवर मासेमारांचा टोला, म्हणजे छोटी वस्ती. तलावाच्या पोटात, पश्चिमेकडे, एक काळी खडकाळ टेकडी पाण्यातून वर आली आहे. टोल्यापासून ती अर्धा मैल तरी असेल. दिवाळी झाली की टोल्यातले लोक डोंगे घेऊन त्या टेकडीवर जातात, तणसाच्या खोपड्या उभारतात आणि होळीपर्यंत तिथे डेरा टाकून राहतात. पहाटे जाळी ओढायची, दुपारी ती वाळवायची आणि फाटली असतील तिथे विणायची, संध्याकाळी शिवड्यासाठी दोरीला ओळीने गळ बांधून पाण्यात सोडायचे. शिवडा म्हणजे या पाण्यातला लांडगाच, रुंद तोंडाचा, मोठ्या माशालाही न सोडणारा. आणि मरळ तर सगळ्यांच्या आवडीची. आजारी माणसाला, बाळंतिणीला मरळीचा रस्सा द्यावा, असे या भागात अजून मानतात.

हिवाळ्यात पक्षी पाहायला शहरातून पाहुणे येतात. त्यांना डोंग्यातून फिरवणारे दसरू नान्हे हे आता सत्तरीला आले आहेत. पाहुणे हटकून विचारतात, तलावाला आयकनी का म्हणतात? दसरूबाबा वल्हे आडवे ठेवतात, डोंगा आपोआप थांबू देतात आणि मग सांगू लागतात. ही हकिकत त्यांनी त्यांच्या आजाकडून ऐकली, आजाने त्याच्या आजाकडून.

पूर्वी म्हणे या तलावात मासेमारीला काळवेळ नव्हती. मृगाचे पाणी पडले की मासा अंडी घालायला काठच्या उथळ गवतात चढतो. तेव्हा तो हातानेही सापडतो. लोक टोपल्या भरभरून अंड्यांवरचा मासा काढत. असे किती वर्षे चालले कोण जाणे. मग एका वर्षी दिवाळीनंतर डेरा पडला आणि जाळी रिकामी येऊ लागली. आठ दिवस, पंधरा दिवस. पौषात लोकांनी खोपड्या मोडल्या आणि टेकडीवरून परत आले. त्या वर्षी टोल्यातल्या लोकांनी जंगलातले कंद खाऊन दिवस काढले.

उन्हाळ्यात सगळे मोहाखाली बसले. म्हाताऱ्यांनी तलावाचे पाणी ओंजळीत घेऊन शपथ घातली, की मृगापासून दिवाळीपर्यंत या पाण्यात कोणी जाळे टाकणार नाही, गळ टाकणार नाही. पण राखण कोण करणार? टेकडीवर उभे राहिले की चारही काठ दिसतात. तिथे कोणीतरी राहायला हवे होते. पावसाचे चार-पाच महिने, एकट्याने.

आडकू नावाचा एक ढिवर होता. चाळिशीचा, अंगाने सडपातळ, बोलायला कमी. त्याची बायको दोन वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हते. धाकटा भाऊ बकाराम बायको सायत्रासह शेजारच्याच घरात राहत होता. सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत आडकूवर आल्या.

"आडकू, तूच जा गा," एक म्हातारा म्हणाला. "तुई वाट पायणारं घरी कोन हाये?"

तो वाईट मनाने बोलला नव्हता. बोलणे खरेही होते. आडकूने मान डोलावली. दिवाळीपर्यंत टेकडी सोडणार नाही, असे त्याने पाण्याला हात लावून सांगितले. रोज एका घरून पाळीपाळीने शिदोरी येईल, असे टोल्याने सांगितले.

सुरुवातीला सगळे नीट चालले. शिदोरी आणणारा डोंगा बांधून घटकाभर बसे, तंबाखू मळे, गावातले चार शब्द बोलून जाई. उरलेला दिवस आडकू खडकावर बसून पाणी पाहत असे. टेकडीच्या पायथ्याला, कमळाच्या पानांत, मरळीच्या एका जोडीने अंडी घातली होती. काही दिवसांनी पिल्ले बाहेर पडली. मरळीची पिल्ले लाल असतात, शेकडोंनी एका घोळक्यात फिरतात. पाण्यात कुंकू सांडावे तसा तो घोळका दिसे. खाली नर आणि मादी सतत पहारा देत. शिवड्याची सावली दिसली की मरळ त्याच्या अंगावर धावून जाई. आडकू हे तासन्‌तास पाही. पाहायला दुसरे काही नव्हतेच.

आखाडात एका सकाळी पाऊस कोसळत असताना उत्तरेच्या गवतात त्याला माणूस दिसला. कमरेइतक्या पाण्यात, खांद्यावर फेकजाळे. आडकूने डोंगा हाणला. जवळ जाऊन पाहतो तर बकाराम.

"सायत्रा बाळंत झाली," बकाराम म्हणाला. "चार दिवस झाले. तिले दूध नाही. लेकरू रडू रडू निळं पडून राह्यलं. एक मरळ दे मले. एकच."

आडकूने वल्हे आडवे ठेवले. मग तो म्हणाला, "शपथ हाये, बकाराम. आज तुले देल्ली तं उद्या कोनाले नाही म्हनू?"

"मी परका हावो का?"

"परका असता तं सोपं होतं."

आडकूने त्याच्या खांद्यावरचे जाळे काढून घेतले. बकारामने ते ओढले नाही. तोंडावरून पाणी वाहत होते, ते पावसाचे की डोळ्यांचे हे कळत नव्हते. जाता जाता तो वळला.

"तुले लेकरू असतं ना, तं समजलं असतं," एवढे बोलून तो गेला.

आडकू टेकडीवर परतला. त्या दिवशी म्हणे त्याने भाला हातात घेतला होता. मरळ पायाशीच होती, हात लांब केला असता तरी पुरे. लाल घोळका पानाखालून बाहेर आला, त्याच्यामागे मरळ वर आली, तिने हवा घेतली आणि पुन्हा खाली पिल्लांपाशी गेली. आडकूने भाला खोपडीत नेऊन ठेवला. पण त्या दिवसापासून त्याच्या मनात एकच विचार घर करून बसला. ते लेकरू जगले की गेले?

दुसऱ्या दिवशी ज्या घरची पाळी होती त्या घरच्या बाईला त्याने विचारले. ती शिदोरी खडकावर ठेवून म्हणाली, "तुमी भाऊ-भाऊ पाहून घ्या जी. आमी मधात कायले बोलावं?" आणि डोंगा फिरवून निघाली. तिसऱ्या दिवशीचा माणूस उतरलाच नाही, शिदोरी फेकून गेला. टोल्यात दोन तट पडले होते. कोणी म्हणे आडकूने शपथ राखली, कोणी म्हणे दगडालाही पाझर फुटला असता. कोणालाच त्याच्यासमोर उभे राहून बोलायचे नव्हते. त्यातच भाताची रोवणी सुरू झाली. सगळा गाव दिवसभर चिखलात वाकलेला. शिदोरी एक दिवसाआड येऊ लागली, मग दोन दिवसांआड. आणणारा ती पायथ्याच्या खुंटाला अडकवून निघून जाई. आडकू वरून खाली येईपर्यंत डोंगा लांब गेलेला असे.

मग त्याने हाक मारायला सुरुवात केली. रोज दिवेलागणीला तो टेकडीच्या माथ्यावर उभा राही, तोंडाभोवती दोन्ही हात धरून टोल्याकडे ओरडे.

"बकाराऽऽम! लेकरू हाये काऽऽ?"

पावसाळ्यात वारा पश्चिमेचा. त्याची हाक वाऱ्याबरोबर पाळीपर्यंत जाई, घराघरांत ऐकू येई. बायका चुलीपुढे एकमेकींकडे पाहत. पण टोल्यातून कोणी उत्तर दिले असते तरी ते वाऱ्याने परत लोटले असते. आडकूला हे ठाऊक होते. तरी तो हाक मारून बराच वेळ कान देऊन उभा राही. उत्तर नाही याचा अर्थ काय, हे तो रोज नव्याने ठरवी आणि रोज मोडी.

लेकरू जगले होते. शेजारच्या एका लेकुरवाळीने त्याला आठ दिवस अंगावर पाजले, मग सायत्रालाही दूध आले. मुलगी होती. सायत्रा रोज ती हाक ऐके. पण आडकू तिचा भासरा, म्हणजे थोरला दीर. भासऱ्यासमोर पदर ओढून उभे राहायचे, तोंडाने बोलायचे नाही, ही त्या काळची रीत. लग्नापासून ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. ती नवऱ्याला म्हणे, "जाऊन सांगून या ना जी." बकाराम मान खाली घालून जाळ्याची गाठ मारत बसे. तो रागावलेला होता, असे लोक समजत. दसरूबाबांचा आजा म्हणे की राग केव्हाच गेला होता. आपण जे बोललो ते आता परत घ्यायचे कसे, हेच त्याला उमगत नव्हते.

भादव्यात एका संध्याकाळी हाक आली नाही. लोकांना वाटले, दमला असेल. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सायत्राने चुलीवरची हंडी उतरवली, लेकीला छातीशी धरले आणि ती पाळीवर जाऊन उभी राहिली. टेकडीवर धूर नव्हता. तिने डोईवरचा पदर मागे टाकला आणि सगळ्या टोल्यादेखत ओरडली.

"ओ भाऊजीऽऽ!"

वाऱ्याने आवाज तिच्याच तोंडावर आणून टाकला. ती पुन्हा ओरडली. तिसऱ्यांदा ओरडली. आणि असे सांगतात की तेव्हा वारा पडला. झाडाचे पान हलेना, पाण्यावरची लहर जिथल्या तिथे विरली, तलाव तेलासारखा स्थिर झाला.

"भाऊजीऽऽ! लेकरू हाये! पोरगी हाये! दूध आलं मले!"

पलीकडून काहीच आले नाही. पाळीवर आता सगळा टोला जमला होता. मग फार बारीक, तुटक आवाज आला.

"आयकलं."

सायत्राला रडू आले, पण ती थांबली नाही. आपण गप्प बसलो तर तो माणूस डोळे मिटेल, असे तिच्या मनाने घेतले. जे आठवेल ते ती सांगत सुटली. रोवणी झाली म्हणून सांगितले. पैकूची गाय व्याली, कोसमाचे झाड वादळात पडले, पोरीच्या कपाळावर तुमच्यासारखाच भोवरा आहे. प्रत्येक गोष्टीनंतर ती थांबे आणि टेकडीवरून येई, "आयकलं." तोवर चार जण डोंगा घेऊन निघाले होते. त्यांना आडकू खोपडीत नाही, माथ्यावरच्या खडकाला टेकून बसलेला सापडला. तापाने अंग भाजत होते. खोपडीपासून तिथवर तो सरपटत आला होता.

काढ्यांनी ताप उतरला. गावी चल, असे लोकांनी हात जोडून सांगितले. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत बोललो होतो." आणि राहिला. पण त्या दिवसापासून टोल्याने ठरवले, की शिदोरी तर जाईलच, शिवाय रोज दिवेलागणीला एका घराने पाळीवर उभे राहून दिवसभराची बातमी टेकडीला सांगायची. म्हणे रोज त्या वेळेला वारा पडू लागला.

त्या दिवाळीनंतर डेरा पडला तेव्हा जाळी दोघांना ओढवेनात, इतकी मरळ आली. पुढच्या मृगाला राखणीला कोण जाणार, हा प्रश्नच निघाला नाही. आडकू आपणहून डोंग्यात बसला. असे तो अकरा वर्षे गेला. बकारामच्या घरची पाळी आली की बातमी सायत्रा सांगे, आणि मुलगी मोठी झाल्यावर ती सांगू लागली. तिचे नाव फुलवंता. बकाराम मात्र अकरा वर्षांत एकदाही पाळीवर उभा राहिला नाही. दिवाळीनंतर डेऱ्यात दोघे भाऊ एकाच डोंग्यात बसत, एकच जाळे दोन टोकांनी ओढत, आणि कामापुरतेच बोलत.

बाराव्या वर्षी श्रावणात, शिदोरी घेऊन गेलेल्या माणसाला आडकू खडकावर पडलेला दिसला. पाण्याकडे तोंड होते. तो केव्हाच गेला होता. त्याला पाळीवर आणले, दुपारी अग्नी दिला. अग्नी बकारामने दिला आणि त्यानंतर तो कोणाला दिसला नाही.

दिवेलागण झाली. पाळी बकारामच्या घरची होती. आज कशाची बातमी आणि कोणाला, म्हणून सगळे घरातच बसले. पण फुलवंता उठली. अकरा-बारा वर्षांची पोर, रोजच्या जागी जाऊन उभी राहिली. वारा पडला होता. तिने रोजच्यासारखीच सुरुवात केली. वरच्या बांधीत पाणी भरलं. चिंधूच्या बैलाचा पाय बरा झाला. मग ती थांबली. तिला माहीत होते की टेकडी रिकामी आहे.

"मोठेबाबा गेलेऽऽ," ती म्हणाली.

सायत्रा तिला घरी न्यायला मागून आली होती. तिने पोरीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेवढ्यात तिला दिसले की काठच्या खुंटाशी आपला डोंगा नाही. पाण्यापलीकडून, अंधारू लागलेल्या टेकडीवरून, आवाज आला. अकरा वर्षांत त्या जागेवरून जो कधी आला नव्हता, तो आवाज. बकारामचा.

"आयकलं."

त्या वर्षीची उरलेली राखण त्याने केली. नंतरचीही, हातपाय चालत होते तोवर.

आजही मृगापासून दिवाळीपर्यंत आयकनीत जाळे पडत नाही. टेकडीवर आता मच्छीमार संस्थेचा राखणदार असतो, त्याच्या खिशात मोबाईल असतो, घरी काय चालले आहे ते त्याला दुपारीच कळलेले असते. तरी दिवेलागणीला वारा पडतो आणि ज्या घरची पाळी असेल त्या घरचे माणूस पाळीवर येऊन सगळे पुन्हा सांगते. कोणाचे लग्न ठरले, कोण दवाखान्यात आहे, कोणाच्या घरी लेकरू झाले. बातमी मरणाची असेल तर ती शेवटी सांगतात. आणि टेकडीवरून "आयकलं" आल्याशिवाय सांगणारा माणूस घरी जात नाही, मग कितीही वेळ उभे राहावे लागो.